कसेल त्याची जमीन, पण कागदावर नाव कोणाचे?

१/ पिंपरी-चिंचवडमधील पिंपळे सौदागर आज उंच इमारतींनी गजबजलेले उपनगर आहे. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचे एक लहान खेडे होते आणि ग्रामीण दारिद्र्याच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा धागा तेथून सुरू होतो.

२/ पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह या गावाची पाहणी केली. १९१७ मध्ये ती मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते.

३/ मान यांनी घरोघरचा जमाखर्च मांडला. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचे शेतीवर नीट भागत होते. २८ कुटुंबे बाहेरच्या कमाईची जोड देऊन तरत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेच बसत नव्हता.

४/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न मालकीचा झाला. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला संरक्षण दिले. मात्र दोन दारे उघडी राहिली. स्वतः कसण्यासाठी मालक जमीन परत मागू शकत होता आणि कूळ ‘राजीखुशीने’ ती सोडू शकत होते.

५/ कायदा गावात कितपत पोहोचला, याचा शोध पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदनपूर यांनी घेतला. त्यांचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा आल्यानंतरच्या काही वर्षांतच पुष्कळ कुळांच्या हातून जमिनी सुटल्या होत्या आणि दप्तरी त्यांची नोंद बहुधा राजीनामा अशीच होती. संरक्षण मिळाले त्याच वेळी इतकी कुळे आपण होऊन जमीन सोडतात, हे संशोधकांना पटले नाही. व्यवहारात कायदा जणू अस्तित्वातच नव्हता, असा त्यांच्या निष्कर्षाचा रोख होता.

६/ असे का घडावे? कसणुकीचा करार अनेकदा तोंडी असे. पेरणीचे बियाणे, अडीअडचणीचे धान्य, लग्नकार्याची उचल हे सारे मालकाकडूनच येई. तलाठ्याच्या दप्तरात कूळ म्हणून नाव नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही पुरावा शून्य. अशा माणसाची राजीखुशी किती खरी मानायची?

७/ १९५६ च्या दुरुस्तीने कायदा पुढे सरकला. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेत ठरायची होती. ज्यांचे कूळपण टिकले होते, अशी पुष्कळ कुटुंबे मालक झाली. पण ज्यांनी आधीच राजीनाम्यावर अंगठा उठवला होता, त्यांच्यासाठी तो दिवस उशिरा उगवला. आणि जो कूळही नव्हता, त्या भूमिहीन मजुराला या कायद्यात जागाच नव्हती.

८/ तो मजूर १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या दारिद्र्यविषयक अभ्यासात ठळकपणे समोर आला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये ही किमान गरज धरली, तरी सुमारे ४० टक्के ग्रामीण जनता त्या रेषेखाली होती. जमीन सर्वांत वाटली, तर वाट्याला येणारा तुकडा पोट भरायला अपुराच पडेल; म्हणून हाताला काम द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. टीकाकारांचा आक्षेपही वजनदार होता: जमीन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे, ती गावातली पत आणि सत्ताही असते.

९/ १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे लाखो हात राज्याने पाहिले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. कामाचा हक्क मागण्यासाठी आता सातबाऱ्यावर नाव असण्याची अट उरली नाही.

१०/ कूळकायद्याने कागदावरचे नाव पाहिले. पाहण्यांनी घरातली चूल पाहिली. या दोन नोंदींमध्ये जे अंतर पडले, त्यातच राजीनामा दिलेले कूळ आणि भूमिहीन मजूर हरवले होते. ते पुन्हा सापडले, कारण कोणीतरी गावात जाऊन घरे मोजली.