चंदननगर : किल्ला गेला, हद्द राहिली

कोलकात्यापासून साधारण 35 किलोमीटर उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर चंदननगर आहे. पाहुणे येतात, नदीकाठचा स्ट्रँड बघतात, डुप्लेचा वाडा बघतात, चर्च बघतात आणि परत जातात. बघावंच ते. पण या गावाचा खरा वारसा इमारतींत नाही, त्याच्या हद्दीत आहे, असं मला वाटतं.

फ्रेंचांनी इथे वखार घातली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. 1731 मध्ये डुप्ले कारभारी म्हणून आला आणि भरभराट झाली, असं पाठ्यपुस्तकात असतं. पण कापड, रेशीम गोळा कोण करणार? त्याला इंद्रनारायण चौधरींसारखे बंगाली व्यापारीच लागत. चौधरींनी बांधलेलं नंददुलालाचं मंदिर आज उभं आहे. फ्रेंचांचा किल्ला मात्र नाही. मार्च 1757 मध्ये, म्हणजे प्लासीच्या तीनच महिने आधी, क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी तो घेतला. नंतर तो पाडूनच टाकला. 1763 च्या तहाने गाव फ्रेंचांना परत मिळालं, पण बंगालमध्ये तटबंदी करायची नाही, या अटीवर. पुढे पुन्हा गेलं, 1816 मध्ये पुन्हा आलं. तोवर व्यापार कोलकात्याने खाल्ला होता.

मग उरलं काय? एक रेघ. अलीकडे इंग्रजांचे पोलीस, पलीकडे फ्रेंचांचे.

ही रेघ बंगाली क्रांतिकारकांनी वापरली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना श्रीअरविंद पाँडिचेरीचे म्हणून माहीत. पण 1910 च्या फेब्रुवारीत कोलकात्याहून होडीने ते आधी इथे आले, दीड-एक महिना लपून राहिले आणि मग पाँडिचेरीला गेले. लपायला जागा दिली ती इथल्या माणसांनी, फ्रेंच सरकारने नव्हे. हा फरक विसरू नका. 1937 मध्ये बॅस्टिलच्या पाडावाची आठवण म्हणून इथे एक कमान बांधली, तिच्यावर स्वातंत्र्य, समता, बंधुता असं फ्रेंचमध्ये कोरलं. वसाहतीत! हसावं की रडावं?

जून 1949 मध्ये मात्र लोकांना विचारलं गेलं. भारतात यायच्या बाजूने 7,463 मतं पडली, विरोधात 114. 1950 मध्ये कारभार भारताकडे आला, 1954 मध्ये गाव पश्चिम बंगालात गेलं. कानाईलाल दत्त इथलाच. 1908 मध्ये फाशी गेला, तेव्हा जेमतेम विशीचा होता. तो शिकला त्या संस्थेला तेव्हा डुप्लेचं नाव होतं. आज कानाईलालचं आहे.