निकालात निघालेले खेळ

दिवाळीच्या सुटीत माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने तीन व्हिडिओ गेम निकालात काढले आणि तिन्हींविषयीचा फैसला, न्यायासनावर बसल्याच्या गंभीर मुद्रेने, मला ऐकविला: एकाचे कथानक मध्यावर रेंगाळते, दुसऱ्यात नायिकेवर अन्याय झाला आहे, आणि तिसऱ्याचा शेवट तर कर्त्याने तगाद्याला कंटाळून उरकला आहे. या मतांची शहानिशा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु खेळ संपतो आणि संपल्यावर कादंबरीप्रमाणे त्याची चिकित्सा करता येते, हे जे तो सहज गृहीत धरून चालला होता, ते आरंभी मुळीच तसे नव्हते.

1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी जपानच्या तायतो कंपनीसाठी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ला शेवटच नव्हता, परग्रहवासीयांची एक फौज कापून काढावी तो दुसरी हजर होई, आणि खेळणारा धारातीर्थी पडेपर्यंत हा क्रम चाले. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला गिऱ्हाइकाचा विजय परवडणाराही नव्हता. त्या काळच्या खेळाडूजवळ सांगण्यासारखे मत नसे. गुणांचा आकडा असे.

1980 च्या ‘पॅक-मॅन’ला मात्र त्याच्या कर्त्यांनी न योजलेला शेवट लाभला, आणि तो जवळून पाहण्याजोगा आहे. पातळ्यांचा हिशेब ज्या खात्यात ठेवला जाई त्यात 0 ते 255 एवढ्याच संख्या मावत. 256 व्या पातळीवर, पडद्याच्या तळाशी फळे मांडणाऱ्या आज्ञावलीची मोजदाद उलटून शून्यावर येई आणि मूठभर फळांच्या जागी ती 256 चित्रे काढीत सुटे. पडद्याची डावी बाजू शाबूत राही आणि उजवीकडे अक्षरे, आकडे व रंगीत तुकडे यांचा चिवडा होई. खाण्यास पुरेसे ठिपकेच न उरल्यामुळे पुढे जाण्याची वाट खुंटे. चोपडीची पाने संपली म्हणून कारकुनाने उरलेला जमाखर्च भिंतीवर लिहावा, तसला तो मामला.

1983 साली निन्तेंदोचे फॅमिकॉम यंत्र जपानी घरांत शिरले आणि दर डावाला नाणे टाकण्याचे प्रयोजन संपले. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला बत्तीस टप्पे आणि अखेरीस राजकन्येची सुटका होती, पण ती एकाच बैठकीत करावी लागे. पुढील वर्षीच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने बैठक मोडण्याची सोय केली. उठताना यंत्र वीस जपानी अक्षरांचा एक मंत्र देई, तो कागदावर उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरावा. दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. अंधुक पडद्यावरून उतरविताना ‘घ’चा ‘ध’ व्हावा तशी एखादी चूक झाली, की सारी तपश्चर्या फुकट. 1988 च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी बसवून ही नक्कल बरखास्त करण्यात आली. माझ्या मते या क्षेत्रातील साहित्यविचाराचा जन्म या बॅटरीपाशी आहे. महिनाभर सोबत राहिलेल्या कथेविषयीच माणूस तक्रार करतो.

आमच्या वाट्याला आली ती नव्वदीच्या दशकातील नकली यंत्रे, आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची थाप. प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ नावे बदलून पुनःपुन्हा भेटत. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडात फुंकर घालावयाची, हा सर्वमान्य उपचार होता. ‘कॉन्ट्रा’चे आठ टप्पे दोघा भावंडांनी मिळून पार करीत आणावेत आणि सातव्यावर वीज जावी, म्हणजे श्रीगणेशापासून पुन्हा आरंभ.

2012 साली तर खेळाडूंच्या मताला अपिलाचा दर्जा मिळाला. ‘मास इफेक्ट 3’चा शेवट असमाधानकारक ठरवून त्यांनी एवढा गिल्ला केला की, बायोवेअर कंपनीला त्याच वर्षीच्या जूनमध्ये विस्तारित शेवट मोफत द्यावा लागला.

हे सारे ऐकून भाच्याने विचारले, “मामा, मग कॉन्ट्राचा शेवट कसा आहे?” हेलिकॉप्टर उडते, मागे बेटाचा स्फोट होतो, नावे सरकतात आणि पहिला टप्पा पुन्हा सुरू होतो, असे मी सांगितले.

“म्हणजे स्टोरी काहीच नाही,” तो म्हणाला.