प्लेगअम्मा

प्लेगच्या साथीत दक्षिण भारतात, विशेषतः बंगळूर व कोइमतूर परिसरात, पुजली जाऊ लागलेली रोगदेवता. मारीअम्मा या जुन्या ग्रामदेवतेचेच हे रूप असून महाराष्ट्रातील मरीआईशी तिचे जवळचे नाते आहे. साथ हा देवीचा कोप आहे आणि तिला शांत केले की साथ हटते, अशी यामागची धारणा. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत, तोही याच समजुतीने. प्लेगअम्माची देवळे उभी राहत होती त्याच काळात रोगाचे खरे कारण प्रयोगशाळेत उलगडत होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात आढळलेला प्लेग रेल्वेमार्गाने पसरत ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात पोचला. म्हैसूर संस्थानाची दाट वस्तीची पेठ आणि ब्रिटिशांच्या ताब्यातील लष्कर (कँटोन्मेंट), दोन्ही भागांत माणसे मरू लागली. घरे ओस पडली, लोक शहराबाहेर झोपड्या बांधून राहिले.

रोगाचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, परंतु तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कळले नव्हते. उंदरावरील पिसवा तो वाहून नेतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. त्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी त्यांचे म्हणणे पक्के केले. म्हणजे बंगळुरात साथ आली तेव्हा अनेक डॉक्टरही घाण, दमट हवा आणि अंधाऱ्या खोल्यांनाच दोष देत होते. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, ही खेड्यापाड्यांतील रीत काही सरकारी उपायांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होती. विज्ञानाचे उत्तर तयार होऊन आले नाही. ते चुका दुरुस्त करत आले, आणि त्याचे खरे बळ यातच आहे.

वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना मात्र लसीइतकीच घरझडतीची आणि सक्तीच्या विलगीकरणाची धास्ती होती. पुण्यात या जुलमाचा संताप जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला. देवीकडे वळणाऱ्यांना केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. आप्त डोळ्यांदेखत जात असताना सरकारी छावणी धीर देत नव्हती, तो देवळात मिळत होता.

साथीने बंगळूरचा नकाशाही बदलला. रुंद रस्ते आणि मोकळी हवा ठेवून बसवनगुडी व मल्लेश्वरम या वसाहती आकाराला आल्या. पुढे लष्करात फ्रेझर टाउन वसवताना उंदरांना शिरकाव मिळू नये, अशा बांधणीकडे लक्ष दिले गेले. १९४० च्या दशकात कीटकनाशके आणि स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर रोग आटोक्यात आला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरतेत तो पुन्हा दिसला, तेव्हा उपचार प्रतिजैविकांनी झाले. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा बंगळूर येथील विभाग उंदीर व पिसवांचे नमुने तपासून प्लेगवर नजर ठेवतो. शहरातील प्लेगअम्माच्या देवळांत पूजाअर्चा अजून चालते. भक्त आता तिथे प्रामुख्याने घरच्यांच्या आरोग्यासाठी नवस बोलतात.