नेबो, आद्य-स्लाव्हिक
नेबो, आद्य-स्लाव्हिक : ‘आकाश’ या अर्थाचे पुनर्रचित नपुंसकलिंगी नाम. आद्य-स्लाव्हिक भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तिची रूपे कन्या-भाषांच्या तुलनेने सिद्ध करावी लागतात. ‘नेबो’च्या बाबतीत हा पुरावा असामान्यपणे भक्कम आहे.

प्रथमेच्या एकवचनावरून हे नाम सामान्य ओकारान्त वाटते. परंतु षष्ठीत ‘नेबेसे’, चतुर्थीत ‘नेबेसि’, अनेकवचनी प्रथमेत ‘नेबेसा’ अशी रूपे होतात. म्हणजे मूळ प्रातिपदिक सकारान्त होय. शब्दान्तीचे व्यंजन लोपण्याच्या स्लाव्हिक प्रवृत्तीमुळे प्रथमेतील स् गेला, विभक्तिप्रत्ययापूर्वीचा मात्र राहिला. अंत्य स्वर ‘ओ’ कसा टिकला, याविषयी मतभेद आहेत. कारण पुल्लिंगी नामांत मूळ ‘ओस्’च्या जागी ऱ्हस्व उकारसदृश स्वर आढळतो.

संस्कृत नभस्, षष्ठी नभसः, याच्याशी हे रूप जवळजवळ अक्षरशः जुळते. स्लाव्हिकमध्ये महाप्राण भ् चा ब् झाला, एवढाच व्यंजनातील मुख्य फरक. ग्रीक ‘नेफोस’ (ढग) या सजातीय शब्दात स्वरमध्यस्थ स् नष्ट झाला. बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये हिटाइट भाषेचा उलगडा जाहीर केला. पुढे तीतही ‘नेपिश्’ (आकाश) हा शब्द मिळाला आणि आधीच कल्पिलेल्या सकारान्त रूपास स्वतंत्र दुजोरा लाभला. मूळ अर्थ धुके वा ढग असावा, लॅटिन ‘नेब्युला’ व लिथुएनियन ‘देबेसिस’ (ढग, आद्य व्यंजन बदललेले) हेच सुचवितात.

नवव्या शतकात सिरिल व मिथोडियस यांनी ग्रंथभाषेचे रूप दिलेल्या प्राचीन चर्च स्लाव्हॉनिकमध्ये जुनी विभक्तिव्यवस्था बरीचशी शाबूत दिसते. तथापि दहाव्या-अकराव्या शतकांतील हस्तलिखितांत सकारान्त नामांना ओकारान्त वळणाचे प्रत्यय लागू लागले होते. आधुनिक रशियनमध्ये षष्ठी ‘नेबा’ अशीच आहे; स् केवळ अनेकवचनी ‘नेबेसा’त उरला. रशियन ‘नेबो’तील ‘ए’ हा चर्च स्लाव्हॉनिकचा प्रभाव होय. देशी उच्चारपरिणतीचे ‘न्योबो’ हे रूप टाळू या अर्थी रूढ आहे. चेक ‘नेबे’ व पोलिश ‘न्येबो’ यांच्या अनेकवचनांतही स् आढळतो.

मराठीतील ‘नभ’, ‘नभाचा’ या रूपांतही सकार असाच लोपला आहे. ‘नभोमंडल’मधील ओकार मात्र संधीचा परिणाम असून स्लाव्हिक ‘नेबो’शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.