तळटीप : ढाळज आणि दाराची दिशा

* ढाळज : माजलगावकडच्या माळवदी वाड्यांत थोरल्या दरवाजातून आत येताच लागणारी, दोन्ही अंगांना ओटे असलेली जागा. लेखकाने तिचा संबंध फेंगशुईशी जोडला आहे, म्हणून थोडा खुलासा. दारातून आतले घर थेट दिसू नये, हा फेंगशुईचा आग्रह. बीजिंगच्या जुन्या चौसोपी घरांत त्यासाठी दारामागे आडवी भिंत घालत. आपल्याकडे ते काम ढाळज करते. परका माणूस ओट्यावरच टेकतो, चौकातल्या बायामाणसांना आडोसा राहतो.

दिशेबाबत मात्र दोन्ही परंपरांचे जमत नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळी वारे उत्तरेकडून येतात, म्हणून मुख्य घराचे तोंड दक्षिणेला; आपल्याकडे दक्षिण यमाची, म्हणून दार शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला. पण वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ८१ पदांच्या वास्तुमंडलाच्या कडेची ३२ पदे दारासाठी एकेक करून तपासली आहेत, आणि दक्षिणेकडचे बृहत्क्षत या देवतेचे पद तिथे शुभच मानले आहे. तेव्हा केवळ दक्षिणमुखी म्हणून सागवानी चौकट उखडून दार हलवणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे, आणि वाड्यावर तर आहेच.
— संपादक