आंब्यावरचे बांडगूळ आणि दोन पाखरे

फुलांचे परागीभवन कोण करते, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते : मधमाश्या आणि फुलपाखरे. एखादा विद्यार्थी वाऱ्याचे नाव घेतो. पक्ष्यांचे नाव मात्र क्वचितच येते. याचे एक कारण इतिहासात सापडते.

कीटक मधासाठी फुलांत शिरतात आणि नकळत परागकण वाहून नेतात, हे तपशिलाने मांडले एका शिक्षकाने. क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल हे जर्मनीतील श्पांडाऊ येथे मुख्याध्यापक होते. त्यांचा ग्रंथ १७९३ साली निघाला. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि १७९४ मध्ये त्यांना शाळाही सोडावी लागली. पुढे १८४१ मध्ये डार्विनने तो ग्रंथ वाचला, तेव्हा कुठे त्याचे मोल कळू लागले. पण श्प्रेंगेल काय किंवा डार्विन काय, त्यांच्या बागांत मधावर जगणारा पक्षीच नव्हता. अमेरिकेतले गुंजनपक्षी ठाऊक होते, इतकेच. आपली पाठ्यपुस्तके त्या परंपरेतून आली, म्हणून त्यांत मधमाशी ठळक आणि पाखरू पुसट.

ही उणीव भरून काढणारे काम आपल्याच रायगड जिल्ह्याशी जोडलेले आहे. सालिम अली १९३० साली बर्लिनहून परतले, तेव्हा त्यांची मुंबईतली नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो बराच गाजला. त्या मानाने बांडगुळावरचा त्यांचा लेख कमी लोकांना माहीत आहे. कोकणात बांडगुळाचा प्रसार होण्यात सूर्यपक्षी आणि फुलटोचे यांचा वाटा काय, हा त्याचा विषय. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तो १९३१ साली आला. लगेच १९३२ मध्ये भारतातील 'फुलपक्षी' आणि 'पक्षीफुले' यांवर त्यांनी मोठा लेख लिहिला.

पेणजवळचे जोहे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पण कोकणातल्या कोणत्याही गावात परसातला जुना आंबा हिवाळ्यात निरखावा. आंब्याची पाने गडद, आणि मध्येच फिकट, जाड पानांचा वेगळाच झुबका दिसतो, तेच बांडगूळ. त्याचे फूल लांबट नळीसारखे, नारिंगी-लालसर. वास जवळजवळ नाही, मध भरपूर. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो, वासाशी मात्र त्यांना फारसे कर्तव्य नसते. शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी, फांदीवर बसून बाकदार चोच नळीत घालतो. पुंकेसर त्याच्या कपाळाला घासतात आणि पराग पुढच्या फुलापर्यंत पोचतात. गंमत अशी, की आंब्याच्या स्वतःच्या मोहराला पाखरे लागत नाहीत. ते काम मुख्यतः माश्या करतात.

फळे धरली की दुसरे पाखरू येते. टिकेलचा फुलटोच्या जेमतेम आठ सेंटिमीटरचा. तो फळ गिळतो. बी चिकट गराने वेढलेले असते. थोड्याच वेळात ते विष्ठेवाटे बाहेर पडते, पण सुटत नाही. पक्षी बूड फांदीवर घासतो, बी सालीला चिकटते आणि तिथेच रुजते. म्हणजे एकाने बी धरवायचे, दुसऱ्याने ते नेऊन लावायचे!

आता बागायतदार काय म्हणेल? बांडगूळ आंब्याचे पाणी आणि क्षार शोषते, फांदी वाळते. मग ही पाखरे शत्रू मानायची का? आम्हाला तसे वाटत नाही. हाच शिंजीर पांगाऱ्यावर आणि सावरीवरही जातो, पिल्लांना किडे भरवतो. पाखरे हाकलण्यापेक्षा फळे पिकण्याआधीच बांडगुळाच्या गाठीच्या खालून फांदी कापणे सोपे.

परसातल्या जास्वंदीवर मात्र शिंजिराची वेगळीच तऱ्हा दिसते. फूल मोठे, म्हणून तो पुष्कळदा बाजूने येऊन देठाजवळ चोच खुपसतो. मध मिळतो, पण परागांना स्पर्शही होत नाही. ही सरळ चोरी झाली. जास्वंदीचे त्यात काही बिघडत नाही. आपल्या बागांतल्या जास्वंदीला बी क्वचितच धरते, आपण ती फांदी लावूनच वाढवतो. शाळेच्या आवारात जास्वंद असेल तर सकाळी अर्धा तास दोन विद्यार्थ्यांना बसवावे आणि दोनच गोष्टी मोजायला सांगाव्यात : शिंजीर समोरून किती वेळा आला, बाजूने किती वेळा.