रांगेबाहेरचा विद्यार्थी

नांदेड असो वा लातूर, शारीरिक शिक्षणाच्या तासाला कोणत्याही शाळेच्या मैदानावर दृष्टी टाकली तर बहुधा एकच दृश्य दिसते. 'सावधान-विश्राम'च्या आज्ञेवर मुले रांगेत उभी आहेत आणि मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, एखादा विद्यार्थी इतरांची दप्तरे व चपला सांभाळत बसला आहे. कोणाचा पाय अधू, कोणाची दृष्टी मंद. त्याला तेथे बसविणारे शिक्षक निष्ठुर नसतात. उलट "राहू दे बाळ, तू बस" हे शब्द मायेनेच उच्चारलेले असतात. या मायेलाही एक इतिहास आहे. तो थोडक्यात मांडण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

आपल्याकडे व्यायामाची परंपरा तालमीची आणि आखाड्याची. परंतु शाळेत शारीरिक शिक्षण आले ते मुख्यतः कवायतीच्या रूपाने. जुन्या पिढीतील लोक या विषयाच्या शिक्षकास अजूनही 'ड्रिल मास्तर' म्हणतात, यातच सर्व काही आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना स्थापन झाली. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतील सेनानी जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तर १९६३ पासून काही वर्षे महाविद्यालयीन तरुणांना छात्र सेना सक्तीची होती. शिस्त आणि देशरक्षण ही उद्दिष्टे थोरच होती, याविषयी दुमत नाही. मात्र कवायतीची कसोटी एकच असते, ती म्हणजे सर्वांचे पाऊल एकाच वेळी पडले पाहिजे. ज्याचे पाऊल लंगडते तो रांग बिघडवितो, म्हणून त्याला 'सूट' द्यावयाची. डॉक्टरांचा दाखला आणला की शिक्षक मोकळे आणि विद्यार्थीही मोकळा! हा मुलगा आपल्या विषयाचा नव्हे, ही शिक्षकांची समजूत या सवलतीतूनच पक्की झाली.

आश्चर्य असे की, ज्या लष्कराकडून शाळेने कवायत घेतली, त्याच लष्कराच्या जखमी जवानांनी अपंगांच्या क्रीडेचा पाया घातला होता. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन हे इंग्लंडमधील स्टोक मॅंडेविल येथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. खेळ हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा मुक्त झाला. त्या छोट्याशा स्पर्धेतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. पहिले १९६० मध्ये रोम येथे भरले.

महाराष्ट्राचे उदाहरण तर अधिक जवळचे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. पद्मश्रीने त्यांचा गौरव व्हावयास मात्र २०१८ साल उजाडले.

धोरणे बदलत होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याचा विचार मांडला. १९७४ मध्ये अपंग एकात्म शिक्षण योजना आली. १९७८ मध्ये युनेस्कोच्या सनदेने शारीरिक शिक्षण हा सर्वांचा मूलभूत हक्क ठरविला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने जवळजवळ दहा हजार माणसे हिरावून नेली आणि कित्येकांना कायमचे अपंग केले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच झाला. १९९५ चा कायदा आला आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ ने तर स्पष्टच सांगितले की, शासनमान्य वा अनुदानित संस्थांनी अशा विद्यार्थ्यांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने दिली पाहिजे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्दही रूढ झाला. वर्गाच्या दारापर्यंत उतरता रस्ता झाला, पण तो मैदानापर्यंत क्वचितच पोचला.

शिक्षकांच्या अडचणी खोट्या नाहीत. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, प्रशिक्षणाचा अभाव, आणि मूल पडले तर जबाबदार कोण, ही भीती. शिवाय ज्या परिसराने परीक्षेचा 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आणला, तेथे खेळाचा तास गणिताला देण्याचा मोह कोणाला होत नाही? प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. पायाने अधू असलेल्या एका विद्यार्थ्याला मी तीन वर्षे क्रिकेटच्या धावा लिहावयास बसविले. एके दिवशी सीमेबाहेर गेलेला चेंडू त्याने बसल्या जागेवरून असा फेकला की तो थेट यष्टीवर आदळला. त्याच्या दंडात एवढे बळ आहे हे मला ठाऊकच नव्हते, कारण मी ते कधी पाहिलेच नव्हते.

आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव बसूनच गोळा फेकतात. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये त्या सातव्या आल्या, आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज धरला. मात्र या मार्गाला त्या शालेय वय ओलांडल्यावरच लागल्या. ज्या मुलांना आज खेळण्याची इच्छा आहे, त्यांनी तोवर का थांबावे?

यासाठी फार खर्च लागत नाही. लेझीम खुर्चीत बसूनही रंगते. चेंडूत घुंगरू घातले की अंध मुलाला तो ऐकू येतो. बहिऱ्या मुलासाठी शिट्टीऐवजी रुमाल हलविला तरी पुरते. लंगडी या खेळात धडधाकट मुले एका पायावर धावतात आणि ज्याचा एक पाय अधू तो मात्र कडेला बसतो, ही विसंगती आपल्याला इतकी वर्षे खटकली नाही! कायद्याने आपले काम केले आहे. आता "तू बस" याऐवजी "तुला काय जमते ते दाखव" एवढे म्हणण्याचे काम शिक्षकांचे आहे. ते मी उशिरा का होईना सुरू केले आहे.